जनीची ड्यूटी

सर्व्हिस डॉग, म्हणजे अपंग किंवा आजारी माणसाच्या मदतीसाठी खास शिकवलेला कुत्रा, मिळवण्याच्या अर्जाच्या चौथ्या पानावर एक प्रश्न होता : ‘कुत्र्याने तुमच्यासाठी नेमकी कोणती कामे करावीत?’ खाली पाच रेघा सोडलेल्या होत्या. २०१६ च्या जानेवारीत, सॅन अँटोनिओतल्या आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी त्या भरायला घेतल्या. पहिल्या रेघेवर लिहिले, ‘माझ्या पाठीमागे कोण येते त्यावर लक्ष ठेवणे.’ दुसऱ्या रेघेवर, ‘मी घरात शिरण्यापूर्वी सगळ्या खोल्या तपासणे.’ तिसऱ्या रेघेवर, ‘गर्दीत लोकांना माझ्यापासून लांब ठेवणे.’ चौथ्या रेघेवर, ‘रात्री वाईट स्वप्न पडले तर उठवणे.’ पाचव्या रेघेवर ‘सोबत’ असे लिहिले आणि लगेच खोडले, कारण अर्जाबरोबरच्या सूचनापत्रात स्पष्ट म्हटले होते की सोबत हे काम नव्हे. शेवटी तिथे ‘धडधड वाढली की थांबवणे’ असे लिहून मी पान उलटले.

मी मूळचा कराडचा. बारावीपर्यंत तिथेच मराठी माध्यमात शिकलो आणि २००६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, काकांनी कित्येक वर्षांपूर्वी केलेला अर्ज मंजूर झाल्यामुळे आई-वडिलांबरोबर टेक्सासला आलो. ग्रीन कार्ड असलेल्या माणसाला अमेरिकेच्या सैन्यात शिपाई म्हणून भरती होता येते. मी २००८ मध्ये झालो. आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते, त्यामुळे वडिलांनी विरोध केला नाही. मेडिकचे, म्हणजे तुकडीबरोबर राहून जखमींवर पहिले उपचार करणाऱ्या जवानाचे, सोळा आठवड्यांचे प्रशिक्षण सॅन अँटोनिओच्याच फोर्ट सॅम ह्यूस्टनमध्ये झाले. २०१२ च्या वसंतात कंदाहार प्रांतातल्या एका कच्च्या रस्त्यावर आमच्या ताफ्यातल्या पुढच्या गाडीखाली स्फोट झाला. त्या गाडीपर्यंत सर्वांत आधी पोहोचणे हे माझे काम होते. त्या दिवसाविषयी याहून अधिक मी येथे लिहिणार नाही.

२०१३ मध्ये सैन्य सोडून घरी आलो तेव्हा मी धडधाकट होतो, आणि सगळे मला तसेच सांगत होते. पण रस्त्याच्या कडेला कचऱ्याची काळी पिशवी दिसली की माझे हात आपोआप स्टिअरिंग फिरवून गाडी पलीकडच्या लेनमध्ये नेत. हॉटेलात कोपऱ्यातली, दाराकडे तोंड असलेली जागा मिळाली नाही तर आम्ही न जेवता परत येत असू. चार जुलैचे फटाके आणि मग दिवाळीचे फटाके, असे वर्षातले दोन आठवडे मी न्हाणीघरात पंखा चालू ठेवून काढत असे. एका रात्री झोपेत मी पत्नीचे मनगट इतके घट्ट धरले की दुसऱ्या दिवशी त्यावर बोटांचे निळे वळ होते. तिने तक्रार केली नाही. ती मुलीच्या खोलीत झोपू लागली. मला तेव्हा आजोबा आठवत. ते बाजारात गेले तरी भिंतीला पाठ लावून उभे राहत, आणि त्यांना झोपेतून उठवायचे तर हात लावायचा नाही, पायथ्याशी उभे राहून हाक मारायची, असा आमच्या घरात नियमच होता. त्या नियमामागच्या कारणाला कोणी नाव दिलेले नव्हते. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये पीटीएसडी, म्हणजे भयंकर आघातानंतर मनात उरणारा ताणाचा विकार, हे नाव अधिकृत आजारांच्या यादीत घातले. आजोबा त्याच्या कितीतरी आधी लढाई पाहून आले होते.

माझे निदान २०१४ मध्ये झाले. त्यासाठी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पीसीएल-५ नावाची. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चार गुण, एकूण ऐंशी. साधारण एकतीस ते तेहतीसच्या वर गेलात तर पीटीएसडीची शक्यता धरून पुढची तपासणी करतात. मला अठ्ठावन्न होते. प्राझोसिन नावाचे, मूळचे रक्तदाबावरचे पण वाईट स्वप्नांसाठीही दिले जाणारे औषध सुरू झाले, आणि आघाताने मनात बसवलेल्या समजुती तपासून पाहण्याची बारा बैठकांची उपचारपद्धती मी नेटाने पूर्ण केली. गुण चव्वेचाळीसवर आले. फरक खरा होता. पण किराणा दुकानाच्या मधल्या रांगेत उभे राहणे मला अजूनही जमत नव्हते.

सर्व्हिस डॉगचा विषय आमच्या गटबैठकीत एका माजी सैनिकाने काढला. त्याच्या पायाशी एक पिवळी लॅब्रेडॉर तासभर निजून होती आणि त्याचा आवाज चढला की ती उठून त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकवत होती. मी घरी आलो आणि त्याच रात्री माझ्या हातून एक चूक झाली. इंटरनेटवर ‘राष्ट्रीय नोंदणी’ असे नाव मिरवणारी एक साइट सापडली; दीडशे डॉलर भरले की घरातल्या कोणत्याही कुत्र्याचे प्रमाणपत्र, फोटोचे ओळखपत्र आणि लाल जाकीट घरपोच. मी पैसे भरले. विचार असा होता की आधी कागद हातात घ्यावा, मग एखादा कुत्रा आणून शिकवावा. अमेरिकेत सर्व्हिस डॉगची कोणतीही सरकारी नोंदणी नाही आणि अशा कागदाला कायद्यात काडीची किंमत नाही, हे मला नंतर कळले. पैसे गेले याचे दुःख फार झाले नाही. असले जाकीट घातलेला अशिक्षित कुत्रा दुकानात कोणावर धावून जातो तेव्हा त्याची शिक्षा पुढच्या खऱ्या जोडीला, दारातच अडवले जाऊन, भोगावी लागते, हे पुढे मी स्वतः अनुभवले आणि त्याचे मात्र आजही वाईट वाटते.

माजी सैनिकांच्या कल्याणाचे सरकारी खाते, ज्याला सगळे व्हीए म्हणतात, ते स्वतः कुत्रे देत नाही. २०१२ च्या त्यांच्या नियमानुसार दृष्टी, श्रवण किंवा हालचालीच्या अपंगत्वासाठी मिळालेल्या कुत्र्याच्या पशुवैद्यकीय खर्चाला मदत मिळे, पीटीएसडीसाठीच्या कुत्र्याला नाही. तेव्हा उरल्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्था, किंवा स्वतःचा कुत्रा स्वतः शिकवणे, ज्याला कायद्याची पूर्ण मुभा आहे. मी माझा संयम ओळखून होतो. संस्थेकडे अर्ज करायचे ठरवले. अर्जाला डॉक्टरांचे पत्र, मानसोपचारतज्ज्ञांचे पत्र, सैन्यातून सन्मानाने मुक्त झाल्याचा दाखला, घराचा आणि अंगणाच्या कुंपणाचा व्हिडिओ, आणि घरातल्या प्रत्येक प्रौढ माणसाची लेखी संमती लागत होती. आईच्या संमतीची गोष्ट पुढे सांगतो, कारण ती सर्वांत अवघड असेल असे मला वाटले होते. प्रत्यक्षात अडले ते मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या पत्रापाशी.

बाईंनी माझ्या पाच रेघा दोनदा वाचल्या आणि पेन्सिलीने पहिल्या तीन रेघांना एक कंस घातला. त्या म्हणाल्या की शेवटची दोन कामे माझ्या उपयोगाची आहेत आणि ही तीन माझ्या भीतीच्या उपयोगाची. माणूस घाबरत घाबरत रिकाम्या खोलीत शिरतो, तिथे कोणी नसते, आणि असे पन्नास वेळा झाले की मेंदू हळूहळू शिकतो की खोली रिकामीच असते; सगळा उपचार या शिकण्यावर उभा आहे. पण कुत्र्याने खोली तपासून दिली तर मेंदू वेगळेच शिकतो : आज वाचलो, कारण कुत्रा होता. मला राग आला. मी म्हणालो, पाय नसलेल्या माणसाला तुम्ही कुबडी नाकारता का? त्या म्हणाल्या, पाय मोडलेल्या माणसाला कुबडी देते, पण ती कधी सोडायची तेही सांगते. पीटीएसडीवर कुत्र्याचा उपयोग किती, याचा व्हीएचा मोठा अभ्यास तेव्हा चालू होता आणि निष्कर्ष यायला अवकाश होता, हेही त्यांनी लपवले नाही. अखेर त्यांनी पत्र दिले, एका अटीवर : दर सहा महिन्यांनी ही यादी घेऊन मी त्यांच्यासमोर बसायचे.

फोनवर दीड तास मुलाखत झाली आणि मग एकोणीस महिने काहीच झाले नाही. त्या प्रतीक्षेविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. उपचार चालू ठेवा, असे संस्थेचे सांगणे होते, मी ठेवले.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांच्या निवासी प्रशिक्षणाला बोलावणे आले. आम्ही आठ माजी सैनिक होतो. पहिल्या दोन दिवसांत आम्हाला कुत्री दाखवलीदेखील नाहीत. रिकामा पट्टा आणि एक भरलेले खेळणे घेऊन आम्ही आवारात चालण्याचा सराव केला, कारण प्रशिक्षिकेचे म्हणणे असे की कुत्री दीड वर्ष शिकून तयार आहेत, न शिकलेले आठजण आता आले आहेत. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्यापुढे जूनो आली. दोन वर्षांची, काळी लॅब्रेडॉर, अठ्ठावीस किलो वजनाची, उजव्या कानाच्या टोकाला एक छोटी खाच. तिने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या कमरेच्या खाऊच्या बटव्याकडे पाहिले आणि शांतपणे खाली बसली. कोणतेही विलक्षण नाते त्या क्षणी जुळले नाही. ते पुढच्या कित्येक आठवड्यांत, एकेका तुकड्याने जुळले, आणि त्यासाठी माझ्या प्रत्येक पँटच्या खिशाला वाळवलेल्या कलेजीचा वास कायमचा चिकटला.

पहिला आठवडा पट्टा माझ्या कमरेला बांधलेला होता. जेवताना, दात घासताना, झोपताना आम्ही एकमेकांपासून सहा फुटांच्या आत होतो. मला सर्वांत कठीण गेली ती शाबासकीची वेळ. कुत्र्याने योग्य गोष्ट केल्यावर जेमतेम एका सेकंदात दाद मिळाली पाहिजे. तीन सेकंद उशीर झाला की ती दाद त्यानंतर केलेल्या भलत्याच गोष्टीला लागते. त्यासाठी मला सतत तिच्याकडे पाहावे लागे, आणि तिच्याकडे पाहायचे तर दारांकडे, खिडक्यांकडे आणि लोकांच्या हातांकडे पाहणे सोडावे लागे. पाच वर्षांत मी एवढा वेळ कोणत्याही एका गोष्टीकडे पाहिले नव्हते.

रात्री उठवण्याचे काम कसे शिकवतात हे मला आधी गूढ वाटे. प्रत्यक्षात ते अगदी पायरीपायरीने होते. प्रशिक्षकांनी तिला आधीच शिकवले होते की कोणी अंथरुणात हातपाय झाडू लागले की उडी मारून वर यायचे, नाकाने हात किंवा गळा ढोसायचा, आणि माणूस उठून बसेपर्यंत थांबायचे नाही. आता तेच माझ्याबरोबर करायचे होते. मी दिवसाढवळ्या पलंगावर पडून झोपेचे सोंग घेई, मग धापा टाकत पाय आपटे, ती वर येई, मी उठून बसे आणि खाऊ देई. असे दिवसाला वीस-पंचवीस वेळा. अकराव्या रात्री ते पहिल्यांदा खरोखर घडले. मला स्वप्न आठवत नाही. आठवते ते हनुवटीखाली टेकलेले गार, ओले नाक आणि माझ्या छातीवर दाबून धरलेला तिचा एक पंजा. मी दिवा लावला. तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. ती माझ्याकडे नव्हे, बटव्याकडे पाहत होती, आणि मला त्याचाच मोठा आधार वाटला : तिच्या दृष्टीने हे भयंकर काही नव्हते, एक नेहमीचे काम होते.

माझ्या घबराटीची सुरुवात कशाने होते हे मलाच माहीत नव्हते. दमायला होते, छाती भरून येते, असे मी सांगत होतो. पण कुत्र्याला दिसणारी खूण लागते. प्रशिक्षिकेने मला खुर्चीवर बसवून, माझ्याच परवानगीने, त्या रस्त्याविषयी चार प्रश्न विचारले आणि समोर फोनवर चित्रण चालू ठेवले. नंतर आम्ही ते पाहिले. श्वास वाढण्याच्या आधी, चेहरा बदलण्याच्याही आधी, माझ्या डाव्या हाताचा अंगठा पँटच्या बाजूच्या शिवणीवर वरखाली घासू लागला होता. जवळजवळ दीड मिनिट तो घासत होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. पत्नीला नंतर विचारले तर ती म्हणाली, ‘हो, तू नेहमीच करतोस तसं. मला वाटलं सवय आहे.’ पुढचे चार दिवस आम्ही फक्त त्या अंगठ्यावर काम केले. आधी मुठीत खाऊ धरून, मग खाऊ न धरता, अंगठा शिवणीवर हलला की जूनोने नाक घालून तो हात वर उचलायचा. त्यानंतरही मी सावरलो नाही तर ‘लॅप’ म्हटल्यावर पुढचे दोन्ही पाय आणि छाती माझ्या मांडीवर टाकून वजन द्यायचे. त्या वजनाने श्वासाचा वेग कसा उतरतो ते शब्दांत सांगणे अवघड आहे. ओल्या घोंगडीत गुंडाळून घेतल्यासारखे वाटते, एवढेच म्हणेन.

बाकीची कामेही शिकलो. ‘कव्हर’ म्हटले की ती माझ्या पाठीमागे उलट तोंड करून बसे; ‘ब्लॉक’ म्हटले की माझ्यापुढे आडवी उभी राही, म्हणजे रांगेतला माणूस आपोआप दोन पावले मागे सरके. शेवटच्या आठवड्यात परीक्षा झाली. जमिनीवर पडलेला खाद्यपदार्थ ओलांडून जाणे, हॉटेलात टेबलाखाली पाऊण तास निजून राहणे, लिफ्टमध्ये शेपूट आत घेणे, हातातून पट्टा सुटला तरी जवळच थांबणे, गाडीचे दार उघडले तरी सांगेपर्यंत न उतरणे. जूनो उत्तीर्ण झाली. माझे दोन गुण पट्टा घट्ट ओढल्याबद्दल कापले गेले. संस्थेने माझ्याकडून एक पैसाही घेतला नाही. एका कुत्र्यामागे त्यांचा पंचवीस हजार डॉलरच्या वर खर्च होतो, असे त्यांनी निरोपाच्या दिवशी सांगितले तेव्हा आम्ही आठहीजण गप्प झालो.

आता आईविषयी. आमच्या घरात देवघर स्वयंपाकघराला लागून आहे आणि कराडला असताना कुत्र्याने कधी उंबरा ओलांडला नव्हता. संमतीच्या कागदावर आई काय म्हणते याची मला धास्ती होती. तिने कागद पुढ्यात घेतला आणि विचारले, ‘आपण पालीला जायचो तवा खंडोबाच्या वाटेवर कुत्री असायची का न्हाई?’ मी हो म्हणालो. ‘मग त्याच्या दारात चालतंय तर आपल्या दारात का नको?’ असे म्हणून तिने सही केली. जूनो हे नाव मात्र तिच्या तोंडी बसले नाही. पहिल्याच आठवड्यात त्याचे जनी झाले. सगळ्यांचे दळणकांडण करणाऱ्या जनाबाईंचे नाव तिने कुत्रीला दिले, यात तिला काही वावगे वाटले नाही आणि मलाही वाटत नाही. आईला समजावणे कठीण गेले ते एवढेच, की जाकीट अंगावर आहे तोवर जनीला हात लावायचा नाही, नावाने हाक मारायची नाही, पोळीचा तुकडा टाकायचा नाही. ‘जनी ड्यूटीवर आहे,’ असे माझी मुलगी पाहुण्यांना बजावू लागली तेव्हा कुठे आईने तो नियम मान्य केला. जाकीट काढले की जनी साध्या कुत्र्यासारखी अंगणभर धावते आणि पायताणे पळवते.

बाहेरच्या जगात माझा आधार होता तो १९९० चा अपंगत्वविषयक कायदा आणि त्याचे २०११ पासून लागू झालेले सुधारित नियम. त्यांनुसार सर्व्हिस डॉग म्हणजे अपंगत्वाशी निगडित विशिष्ट काम करायला शिकवलेला कुत्रा. मानसिक आजारही त्यात येतो, मात्र नुसत्या असण्याने धीर देणारा कुत्रा त्यात येत नाही. दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात : हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणते काम शिकवले आहे. कागद मागता येत नाही, आजार विचारता येत नाही, काम करून दाखवा असेही म्हणता येत नाही. उलट कुत्रा आवरेनासा झाला किंवा त्याने घाण केली तर बाहेर काढण्याचा हक्क दुकानदाराला आहे, आणि तो योग्यच आहे. मी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाठ करून ठेवले होते : ‘माझी तब्येत बिघडण्याची खूण ओळखून ती मला थांबवते.’ तरीही एका भारतीय किराणा दुकानात मालकाने मला दारातच अडवले. आधीच्या आठवड्यात असेच जाकीट घातलेल्या एका कुत्र्याने तांदळाच्या पोत्यांवर घाण केली होती. मी नियम सांगितला. तो माणूस मला हिंदीत म्हणाला, ‘भाईसाब, सब यही बोलते हैं.’ मी परत फिरलो. दीडशे डॉलरचे ते लाल जाकीट मला त्या दिवशी पुन्हा आठवले. देवळाची बाब वेगळी आहे. धार्मिक संस्थांना या कायद्याचे हे नियम लागू नाहीत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. आम्ही जातो त्या देवळाच्या विश्वस्तांनी गाभाऱ्यासमोरच्या सभामंडपात नको, पण महाप्रसादाच्या दालनात चालेल, असे सांगितले. मी ते आनंदाने मान्य केले.

टेक्सासच्या उन्हाळ्याविषयी एक सूचना करावीशी वाटते, कारण नवे लोक ती विसरतात. हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवून पाहावी. आपल्याला सोसवत नसेल तर कुत्र्याच्या पंजांनाही सोसवत नाही. जनीला बूट आहेत आणि ते तिला आवडत नाहीत.

ठरल्याप्रमाणे दर सहा महिन्यांनी मी ती यादी घेऊन बाईंसमोर बसत होतो. पहिल्या वर्षी सांगण्यासारखे पुष्कळ होते : पत्नी परत आमच्या खोलीत झोपू लागली होती, मी मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला पूर्ण वेळ बसलो होतो, प्रश्नावलीचे गुण सदतीसवर आले होते. पण बाई विचारत, ‘कव्हर किती वेळा?’ आणि मी खरे सांगे. दुकानात शिरलो की पहिली आज्ञा तीच. दीड वर्षाने माझ्या लक्षात आले की जनी एक दिवस आजारी होती म्हणून मी दूध आणायलाही गेलो नव्हतो. तेव्हा आम्ही कुबडी सोडायला सुरुवात केली, एका वेळी एक काम. खोल्या तपासण्याची आज्ञा आधी बंद केली, कारण घर माझे होते. मग दुकानात ‘कव्हर’ पहिल्या रांगेत नाही, फक्त पैसे देताना. मग तेव्हाही नाही. पहिल्या दिवशी पैसे देताना माझी मान आखडली, घाम आला आणि अंगठा शिवणीवर गेला. जनीने हात उचलला. म्हणजे जे काम मला बरे करण्याचे होते ते तिने केले, आणि जे मला लपवण्याचे होते ते मी तिला सांगितले नाही. या क्रमाला आठ महिने लागले.

व्हीएच्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ च्या जानेवारीत आले. काही माजी सैनिकांना सर्व्हिस डॉग आणि काहींना फक्त भावनिक आधाराचा, चांगल्या वळणाचा कुत्रा देऊन, अशा एकशे एक्क्याऐंशी जणांकडे अठरा महिने पाहिले होते. दोन्ही गट सुधारले. रोजच्या जगण्यातल्या अडचणींच्या बाबतीत दोहोंत फरक दिसला नाही. पीटीएसडीची लक्षणे मात्र सर्व्हिस डॉगच्या गटात थोडी अधिक उतरली आणि आत्महत्येकडे झुकणारे वर्तनही कमी आढळले. वाचून मी आधी खट्टू झालो. मग वाटले की हे माझ्या अनुभवाशी जुळते आहे : काही कामे खरोखर उपचार आहेत, काही नाहीत, आणि सर्वांची सरासरी काढली की असेच दिसणार. २०२४ मध्ये आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सर्व्हिस डॉग मिळालेल्या माजी सैनिकांची तुलना प्रतीक्षायादीतल्यांशी केली होती, एकूण एकशे छप्पन्नजण, आणि तीन महिन्यांनंतर कुत्रा मिळालेल्यांची स्थिती स्पष्टपणे बरी होती. त्या यादीत एकोणीस महिने काढलेला मनुष्य म्हणून मी एवढेच म्हणेन की पहिल्या तीन महिन्यांतले ते सुख खरे असते. त्यानंतरचे आपल्याला करावे लागते. दरम्यान २०२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एक कायदा होऊन व्हीएच्या पाच केंद्रांत, ज्यांत सॅन अँटोनिओही आहे, माजी सैनिकांनीच सर्व्हिस डॉग शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला. शिकवणाऱ्याला उपचार मिळावा, असा त्याचा हेतू आहे. शाबासकीच्या त्या एका सेकंदासाठी सगळे लक्ष एकवटणे काय करते हे मी पाहिले असल्यामुळे, मला तो उपक्रम फार मोलाचा वाटतो.

२०२३ च्या डिसेंबरात चुलतभावाच्या लग्नाला मी कराडला गेलो, जनीशिवाय. बारा दिवसांसाठी इतका लांबचा विमानप्रवास, भारतात कुत्रा नेण्याची कागदपत्रे आणि तिथली मोकाट कुत्री यांत तिला ओढणे तिच्यावर अन्याय झाला असता, आणि तिच्या जाकिटाचा अर्थ तिथे कोणाला कळलाही नसता. वरातीत बँड होता, आणि चौकात कोणीतरी हजाराची माळ लावली. मी मंडपाच्या खांबाशी उभा होतो. माळ पेटली, आणि त्याच क्षणी मला पँटच्या शिवणीवर काहीतरी घासल्याचे जाणवले. तो माझाच अंगठा होता. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा स्वतः पकडला. मी हात उचलून छातीवर ठेवला, खुर्ची ओढून बसलो आणि दुसऱ्या हाताने मांडी दाबून धरली. माळ संपेपर्यंत तिथेच होतो. पाऊण तासाने दुसरी लागली तेव्हा मात्र मागच्या दाराने निघून घरी गेलो आणि पत्नीला फोन केला. दोन्ही गोष्टी झाल्या, म्हणून दोन्ही लिहितो.

जनी आता दहा वर्षांची आहे. तोंडावरचे केस पांढरे झाले आहेत आणि मागच्या पायांमुळे तिला पलंगावर उडी मारता येत नाही. रात्री ती खाली उभी राहून माझा हात ढोसते, आणि तेवढे पुरते. या वर्षी तिचे जाकीट कायमचे उतरवले. नियमाप्रमाणे ती आमच्याकडेच राहणार, आणि आई आता तिला राजरोस पोळी देते. नव्या कुत्र्यासाठीचा अर्ज गेल्या महिन्यात आला आहे. चौथ्या पानावर तोच प्रश्न आणि त्याच पाच रेघा आहेत. मी दोन भरल्या आहेत : रात्री उठवणे, आणि डावा अंगठा.